बिग हँड म्हणजे केवढा हात?

आदरणीय बाई,

मी खानापूर तालुक्यातली, जांबोटीकडची. दहावीपर्यंत मराठी शाळा, मग बी.कॉम. सध्या बेळगावात शहापूरला मावशीकडे राहते आणि उद्यमबागेतल्या एका फाउंड्रीच्या ऑफिसात अकाउंट्सला आहे. सात महिने झाले. मागच्या मीटिंगमध्ये साहेबांनी माझं नाव घेतलं आणि म्हणाले, ‘गिव्ह हर अ बिग हँड’. मला वाटलं, हात मिळवायला बोलावतायत. मी उठून पुढे गेले आणि हात पुढे केला. सगळे टाळ्या वाजवता वाजवता हसायला लागले. तेव्हापासून कुणी ‘हँड’ म्हटलं की पोटात गोळा येतो, आणि हा शब्द तर दिवसातून दहा वेळा कानावर पडतो. मोबाइलवरून त्याचे बासष्ट अर्थ वहीत उतरवले. रोज पाच पाठ करते, आठवड्यात विसरते. परवा मेलमध्ये ‘ऑन सेकंड हँड’ लिहिलं, त्यावरही हसले. काका म्हणतात, इंग्रजी मीडियमला घातलं असतं तर ही वेळ आली नसती, आता धाकट्या भावाला तरी घाला. ऑफिसात सगळेच वाईट नाहीत. महिनाअखेरीच्या शनिवारी गावची यात्रा होती म्हणून मी दुपारच्या बसने गेले. सोमवारी आले तर डिस्पॅचमधली एक कन्नड मुलगी सगळ्यांसमोर म्हणत होती, ‘आकी नमग कै कोट्ळु’. माझी मदत लक्षात ठेवणारी तेवढी एकच. बाकी मी काय करू? नोकरी सोडू का?

— तुमची एक वाचक, शहापूर

पोरी, तुझं पत्र वाचून मी आधी हसले. खोटं कशाला सांगू? टाळ्यांच्या मधोमध हात पुढे करून उभी असलेली तू डोळ्यांसमोर आलीस आणि बशीतला चहा हिंदकळला. दुसऱ्यांदा वाचलं तेव्हा हसू गेलं. तू तीन दुखणी लिहिली आहेस, आणि खरं दुखणं चौथंच आहे. ते तू औषध समजून पत्राच्या शेवटाला ठेवलंयस. त्याकडे मी येते. आधी तुझा बिग हँड.

बिग हँड म्हणजे टाळ्यांचा कडकडाट. त्यातलं ‘बिग’ हे हाताचं माप नव्हे, आवाजाचं. साहेब तुला बोलावतच नव्हते, ते बाकीच्यांना सांगत होते की हिच्यासाठी जोरात टाळ्या होऊ द्या. म्हणजे भरल्या मीटिंगमध्ये तुझं कौतुक झालं. ते कशाबद्दल झालं, याचा एक शब्द तुझ्या पत्रात नाही. कोण कधी हसलं तेवढं मात्र सगळं आहे.

आता तेच वाक्य जरा वळवून बघ. ‘गिव्ह मी युवर हँड’ म्हटलं तर खराच हात द्यायचा, पावसाळ्यात ओढा ओलांडताना पलीकडचा मागतो तसा. ‘गिव्ह मी अ हँड’ म्हटलं तर कपाट सरकवायचंय, जरा हातभार लाव. आणि ‘गिव्ह हर अ बिग हँड’ म्हटलं तर टाळ्या. क्रियापद तेच, हातही तोच. ‘युवर’ असेल तिथे पाच बोटांसकट हात. ‘अ’ आला की हात अंगावेगळा झाला, आता तो हाताने करायचं काम झाला. तुझा घोळ झाला तो त्या एका ‘अ’पायी, आणि तो ‘अ’ बोलण्याच्या ओघात इतका पुसट होतो की इंग्रजी मीडियमवाल्यांनाही धड ऐकू येत नसेल. ते टाळ्या वाजवत होते कारण पूर्वी कधीतरी त्यांनी बाकीच्यांना वाजवताना बघितलं होतं. तू पहिल्यांदाच बघत होतीस, आणि नेमकी तूच टाळ्यांच्या समोर होतीस.

आता ती वही. मी तीस वर्षं तालुक्यातल्या मराठी शाळांत इंग्रजी शिकवलं आणि त्यातली पहिली दहा वर्षं अशाच याद्या फळ्यावर लिहून पोरांकडून घोकून घेतल्या. त्याची आता लाज वाटते. यादी पाठ होते, पण वेळेला त्यातलं नेमकं काय उचलायचं हे यादी सांगत नाही. बासष्ट किल्ल्यांचा जुडगा कमरेला आणि दारात उभं राहून एकेक लावून बघणं, असं ते होतं.

तुला मराठीत ‘हात’ किती अर्थांनी येतो, कधी मोजलंस? आजी म्हणते, ‘एवढं हातासरशी उरकून टाक.’ वडील म्हणतात, ‘पोरगं हाताबाहेर गेलं.’ शेजारीण तुझ्या आईबद्दल म्हणते, तिच्या हाताला चव आहे. रस्ता सांगणारा सांगतो, डाव्या हाताला मारुतीचं देऊळ लागेल. रोजंदारीवाल्याचं हातावर पोट असतं. आणि शाळेत गुरुजी म्हणायचे, ‘सात नि आठ पंधरा, पंधराचे पाच, हातचा एक.’ तो हातचा एक कुठे गेला म्हणून मूठ उघडून बघितली होतीस का? नाही ना? पहिलीदुसरीतल्या पोराला जे कळतं ते तुला कुणी यादी करून शिकवलं नव्हतं. (इंग्रजीत त्या एकाला हात लागत नाही. तिथे तो ‘कॅरी’ करतात, उचलून पुढच्या घरात नेतात. आपण मुठीत धरतो. मला आपलं जास्त आवडतं.)

मराठीत हाताच्या मागे जी शेपटी लागते ती अर्थ सांगते. हातात, हातावर, हाताशी, हातून, हाताखाली, हाताबाहेर. इंग्रजीत ती शेपटी पुढे येते, इन, ऑन, ॲट, बाय, आउट ऑफ. म्हणून हँडकडे बघत बसू नकोस. त्याच्या अलीकडे काय आहे ते ऐक.

तुझ्याच टेबलापासून सुरुवात करू. टॅलीत ‘कॅश-इन-हँड’ नावाचा ग्रुप तू रोज बघतेस. जुन्या दुकानदारांच्या रोजमेळात दिवसाच्या शेवटी ‘हातशिल्लक’ लिहितात, ती हीच. ‘स्टॉक ऑन हँड’ म्हणजे गोदामात आत्ता आहे तो, उठून मोजता येईल असा माल. ‘द मॅटर इन हँड’ म्हणजे हाती घेतलेलं काम. ‘कीप द फाइल ॲट हँड’, म्हणजे फाइल हाताशी ठेव. पाकिटाच्या कोपऱ्यात ‘बाय हँड’ असेल तर ते टपालाने किंवा कुरिअरने आलेलं नाही, कुणीतरी आणून दिलंय. आपल्या पावतीवर ‘हस्ते’ लिहून पुढे नाव घालतात, तो हाच हात. आणि लग्नाच्या बाजारात मुलाबद्दल विचारतात तो ‘इन-हँड किती?’ तर अगदीच आपला, ‘हातात किती पडतात’ याला सूट घातलेला. विलायतेत त्याला ‘टेक-होम’ म्हणतात. तिथे पगार घरी जातो, आपल्याकडे हातात पडतो. पुढे तो कुणाच्या हातात जातो, ते सांगायला नको.

तुमच्या कारखान्यात आणखी एक हात फिरत असणार, माणूस या अर्थाचा. ‘वुई आर शॉर्ट ऑफ हँड्स’ म्हणजे माणसं कमी आहेत. ‘ऑल हँड्स मीटिंग’ला सगळ्यांनी यायचं, ‘ऑल हँड्स’ ही मूळची जहाजावरची हाक, सगळ्या खलाशांनी डेकवर यावं म्हणून द्यायची. यात आपल्याला नवीन काय आहे? भातकापणीला तुझ्या घरी म्हणत असतीलच, आणखी दोन हात असते तर आजच उरकलं असतं. साहेब मोल्डिंग शॉपमधल्या एखाद्या मोल्डरला ‘ओल्ड हँड’ म्हणाले तर त्यांनी वय काढलेलं नसतं. मुरलेला माणूस, एवढंच.

‘ऑन सेकंड हँड’ची गंमत मात्र सांगितलीच पाहिजे, कारण ती चूक हुशारीची आहे. ‘ऑन द वन हँड’ लिहिलंस, मग एकानंतर दोन म्हणून ‘सेकंड’. गणित बरोबर आहे. पण माणसाला हात दोनच. एक सांगून झाला की उरतो तो ‘दुसरा’, क्रमांक दोनचा नव्हे, राहिलेला. म्हणून ‘ऑन दि अदर हँड’. इथला हात म्हणजे बाजू, मारुतीच्या देवळाचा डावा हात म्हणतो ना, तोच. आपण ‘एकीकडे… दुसरीकडे’ म्हणतो. तुला तिसरा मुद्दा मांडायचा असेल तर हा प्रयोग सोडून दे, तिसरा हात आणायचा कुठून? ‘सेकंड-हँड’ म्हणजे दुसऱ्याने वापरून विकलेली वस्तू. तुझ्या मेलचा अर्थ असा झाला की त्यातला दुसरा मुद्दा जुन्या बाजारातून आला आहे. हसू येणारच. आणि घड्याळातला सेकंदकाटा, तोही ‘सेकंड हँड’च.

काटा म्हटल्यावर आठवलं. घड्याळात इंग्रजांना हात दिसले, आपल्याला काटा दिसला, कन्नडमध्ये तर त्याला ‘मुळ्ळु’ म्हणतात आणि मुळ्ळु म्हणजे पायात रुततो तो काटाच. उलटं केळ्यांत. गणपत गल्लीत आपण केळ्यांची फणी घेतो, म्हणजे आपल्याला तिथे कंगवा दिसला. इंग्रजीत त्या फणीला ‘हँड’ म्हणतात आणि एकेका केळ्याला ‘फिंगर’, बोट. एकदा फणी समोर धरून बघ, पटेल.

आता जिथे मराठी पाय घसरवते त्या जागा. जिथे दोन्ही भाषा वेगळ्या आहेत तिथे आपण सावध असतो. जिथे सारख्या वाटतात तिथेच आपण पडतो. ‘आउट ऑफ हँड’ घे. ‘द सिच्युएशन इज गेटिंग आउट ऑफ हँड’ म्हणजे हाताबाहेर चाललंय, अगदी शब्दाला शब्द. पण ‘द क्लेम वॉज रिजेक्टेड आउट ऑफ हँड’ वाचलंस तर हाताबाहेर काहीही गेलेलं नाही. दावा तडकाफडकी, न वाचता फेटाळलाय. ‘अंडरहँड’ घे. तुझ्या हाताखाली उद्या दोन मुलं आली आणि तू उत्साहाने लिहिलंस की त्यांच्याशी माझे ‘अंडरहँड’ व्यवहार आहेत, तर ऑडिटर तुला बोलावून घेतील. तो शब्द लपूनछपून केलेल्या लबाडीचा आहे.

आणि हात धुणं! इंग्रजीत ‘ही हॅज वॉश्ड हिज हँड्स ऑफ इट’ म्हणजे त्याने अंग काढून घेतलं, आता माझा संबंध नाही म्हणाला. बायबलातली गोष्ट आहे: येशूला शिक्षा सुनावताना सुभेदार पिलाताने लोकांसमोर पाण्याने हात धुतले आणि या रक्ताचा दोष माझ्यावर नाही म्हणाला. आपण त्याला हात झटकणं म्हणतो. आपल्याकडे हात ‘धुऊन घेतले’ की माणसाने संधी साधून फायदा उपटलेला असतो, आणि ‘हात धुऊन मागे लागला’ की तो पिच्छा सोडत नसतो. तीन हात धुणी, तीन टोकं. सप्लायरबद्दल असलं वाक्य मेलमध्ये आलं आणि तू ते मराठीत वाचलंस तर त्याने पैसे खाल्ले असं समजून बसशील. बिचारा फक्त पळालेला असतो.

हात धुण्याचा आणखी एक प्रकार आपल्याकडच्या पेपरात येतो. लोकायुक्तांनी सापळा लावून कुणाला लाच घेताना पकडलं, की मराठी बातमीत ‘रंगेहाथ’ आणि इंग्रजी बातमीत ‘रेड-हँडेड’. इंग्रजी शब्द स्कॉटलंडच्या जुन्या कायद्यातून आलाय, हाताला रक्त असतानाच सापडलेला, असा. आपल्याकडच्या सापळ्यात तो खरोखर घडतो. नोटांना आधी फिनॉल्फ्थॅलिनची पांढरी पूड लावलेली असते, नोटा घेणाऱ्याचे हात मग सोडियम कार्बोनेटच्या पाण्यात बुडवतात आणि पाणी गुलाबी होतं. तुझा शास्त्राचा तास आठव, आम्लारि आणि दर्शक. मी वर्गात ‘रेड-हँडेड’ असाच शिकवत असे. वाक्प्रचाराचं प्रात्यक्षिक रोज थोडंच मिळतं?

लाचेवरून सांगते. मराठीत हात ओले करतात. कन्नडमध्ये ‘कै बिसि’ करतात, हात गरम. इंग्रजीत तळहाताला वंगण लावतात, ‘ग्रीझ द पाम’. काम तिन्हीकडे तेवढ्यातच होतं.

एक घोडा राहिला. इंग्रजीत घोड्याची उंची ‘हँड’मध्ये मोजतात आणि एक हँड म्हणजे ४ इंच, तळव्याची रुंदी. १५ हँडचा घोडा म्हणजे ६० इंच, पाच फूट. आपला जुना हात कोपरापासून मधल्या बोटाच्या टोकापर्यंत, दोन वितींचा, साधारण १८ इंच. त्या हाताने मोजलं तर तोच घोडा साडेबावीस फूट होतो आणि दुसऱ्या मजल्याच्या खिडकीतून आत डोकावतो. हे तुला ऑफिसात लागणार नाही. पण फार मोठे वाटणारे साहेबसुद्धा कुठल्या हाताने मोजतो त्यावर असतात.

साहेबांवरून आणखी एक. ‘मॅनेजर’ हा शब्दही हातातूनच निघाला आहे. लॅटिनमध्ये हात म्हणजे ‘मानुस’. त्यावरून इटालियनमध्ये घोडा हाताळण्याला, त्याला वळण लावण्याला जो शब्द झाला, त्यातून इंग्रजी ‘मॅनेज’ आला. ‘मॅन्युअल’, ‘मॅन्युस्क्रिप्ट’, ‘मॅन्युफॅक्चर’ ही सगळी त्याच हाताची बोटं. फाउंड्रीत मॅन्युफॅक्चर होतं ते मूळ अर्थाने हाताने केलेलंच.

पण ‘हँड’ आणि ‘हात’ मात्र एकमेकांचे कुणी लागत नाहीत, हे मला कळलं तेव्हा वाईट वाटलं होतं. इतके सारखे दिसतात! आपला हात संस्कृत ‘हस्त’वरून, प्राकृतातल्या ‘हत्थ’वरून आला, त्यांचा हँड जर्मन घराण्यातला, वेगळ्याच मुळाचा. नुसता चेहरा जुळतो. खरी भावकी बाकीच्या अवयवांत आहे: ‘फुट’ आणि पाद, ‘टूथ’ आणि दंत, ‘नी’ आणि जानु, ‘नोज’ आणि नासा. पाय, दात, गुडघे, नाक आपलं, हात तेवढा परका.

परका म्हणून तो कळायला अवघड, असं मात्र नाही. हात जगात सगळीकडे तीच कामं करतो. देतो, घेतो, धरतो, सोडतो, धुतो, पसरतो. म्हणून माझं ऐक: बासष्ट अर्थांची पानं चिकटवून टाक आणि मागून वही सुरू कर. ‘हँड’ ऐकलास की पूर्ण वाक्य जसंच्या तसं लिही, कोण बोललं, कुठे, समोर काय पडलं होतं ते लिही, आणि खाली एवढंच विचार, हा हात इथे काय करतोय? देतोय की धरतोय? रोज एक वाक्य पुरे. ‘साहेब, डिस्पॅचच्या दारात, ट्रक उभा, वुई नीड टू मोअर हँड्स हिअर’ असं एकदा लिहिलंस की तो हात तुला ट्रकसकट आठवेल.

आणि तिथेच तिसरा रकाना पाड, कन्नडचा. तो तुझ्या ऑफिसातल्या बेंगळूरहून आलेल्या इंग्रजीवाल्यांकडेही नसेल. आपल्याकडे पोर दोन भाषांत रांगतं आणि मोठं झालं की त्यातल्या एकीकडे पाठ फिरवतं. शहापूर-वडगावच्या विणकरांच्या गल्ल्यांतून तू रोज जातेस. हातमाग, ‘कैमग्ग’, हँडलूम: तिन्ही शब्द एकाच साच्यातले, आणि माग नि मग्ग तर हातात हात घालूनच उभे आहेत. (१९२४ साली गांधीजींच्या अध्यक्षतेखाली इथे काँग्रेसचं अधिवेशन भरलं, त्यात सभासदत्वासाठी चार आण्यांऐवजी महिन्याला २००० यार्ड हाताने कातलेलं सूत द्यायचं ठरलं. हाताचं चिन्ह पक्षाकडे आलं ते पुढे १९७८ च्या सुमाराला. आता कन्नड पेपरच्या मथळ्यात नुसतं ‘कै’ छापलं तरी लोक काँग्रेस असं वाचतात. हाही एक अर्थ लिहून ठेव, बासष्टांत नसेल.)

तसंच ‘हँड लोन’. इथल्या कोर्टात चेक बाउन्सच्या, कलम १३८ च्या केसमध्ये हा शब्द सर्रास दिसतो. इंग्रजाला तो कळणार नाही, कारण तो त्याचा नव्हेच. कन्नडमधलं ‘कैसाल’, मराठीतलं हातउसनं, त्याला कुणीतरी कोट घातला आणि कोर्टात उभं केलं. त्याच केसचं समन्स आलं की खाली ‘गिव्हन अंडर माय हँड अँड द सील ऑफ द कोर्ट’. इथे हँड म्हणजे सही. मराठीत हस्ताक्षर म्हणजे वळण, हिंदीत हस्ताक्षर म्हणजे सही, इंग्रजी ‘हँड’ दोन्ही. ‘शी राइट्स अ नीट हँड’ असं कुणी तुझ्याबद्दल म्हटलं तर अक्षर सुरेख आहे. तुझं आहेच, पत्र बघितलं मी.

काकांना सांग, भावाचं मीडियम तुमच्या पुतणीच्या एका फजितीवरून ठरवू नका. मुलाला घरात कुणी वाचून दाखवतं का, शाळेत इंग्रजी शिकवणारा माणूस कसा आहे, शाळा किती लांब आहे, हे बघा. मी इंग्रजी मीडियमची मुलं बघितली आहेत, ज्यांना ‘गिव्ह अ हँड’ येतं आणि ‘हातभार’ येत नाही. त्यांच्यावर कुणी हसत नाही, एवढाच फरक.

नोकरी सोडण्याचं नावही काढू नकोस.

आता ते चौथं दुखणं. ‘आकी नमग कै कोट्ळु.’

तू ते मराठी कानाने ऐकलंस. तिने आम्हाला हात दिला, मदत केली. इंग्रजी कानाने ऐकलं असतंस तरी तेच. पण कन्नडमध्ये ‘कै कोडु’ म्हणजे ऐन वेळी दगा देणं, वाऱ्यावर सोडून जाणं. आपण ‘तोंडघशी पाडलं’ म्हणतो ते. ती मुलगी तुझे आभार मानत नव्हती. ती सगळ्यांना सांगत होती की महिनाअखेरीच्या शनिवारी ही आम्हाला टांग मारून गेली.

मला हे ठाऊक आहे कारण मी स्वतः खाल्लंय. नोकरीच्या तिसऱ्या वर्षी माझी बदली झाली, निरोपाचा कार्यक्रम होता. आमच्या मुख्याध्यापिका कन्नड होत्या, पहिल्या दिवसापासून त्यांनी मला सांभाळून घेतलं होतं. मी दोन रात्री जागून चार कन्नड वाक्यं बसवली. उभी राहिले आणि भरल्या गळ्याने म्हटलं, ‘नीवु ननग कै कोट्री.’ मला म्हणायचं होतं, तुम्ही मला हात दिलात. हॉलमध्ये शांतता. शिपाई खाली बघायला लागला. मुख्याध्यापिकांनी माझ्याकडे क्षणभर बघितलं, आणि मग इतक्या हसल्या की डोळ्यांना पदर लावला. नंतर मला बाजूला घेऊन त्यांनी शिकवलं: मदत म्हणायची तर ‘सहाय माडिद्री’ म्हण, बरोबरीने काम केलं म्हणायचं तर ‘कै जोडिसिद्री’. हात जोडला तर चालतो, दिला की संपलं. तेवढं एक वाक्य मी आजवर विसरलेले नाही. यादीतलं असतं तर विसरले असते.

तेव्हा बिग हँड बाजूला ठेव. त्या शनिवारी तू काय अर्धं टाकून गेलीस ते आठव. डिस्पॅचची मुलगी तुझ्यावर कशासाठी अडणार? स्टॉकचा आकडा असेल, इनव्हॉइसची यादी असेल, एखाद्या ट्रकचं ई-वे बिल असेल. यात्रा होती हे साहेबांना सांगितलं असशील, तिला सांगितलं होतंस का? बहुतेक ती रात्री उशिरापर्यंत थांबली असणार, आणि सोमवारी तू तिच्याकडे बघून गोड हसली असणार. तिला काय वाटलं असेल, विचार कर.

उद्या सकाळी इंग्रजी मेल उघडायच्या आधी डिस्पॅचला जा. चहाच्या वेळेची वाट बघू नकोस. ‘शनिवार नंद तप्प आतु,’ म्हण, शनिवारी माझी चूक झाली. बाकीचं मराठीत सांग, उद्यमबागेत काम करणाऱ्या मुलीला तेवढं मराठी येतंच. आणि तू त्या ‘कै कोट्ळु’चा काय अर्थ लावून सोमवारभर खूश होतीस, तेही तिला सांगून टाक. यात्रेचा प्रसाद उरला असेल तर घेऊन जा.